जलमार्ग, घाटवाट आणि वतन

(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चालकांनीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोंपविली. आपल्या पॅरिशचा वृत्तांत सांगणारे आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. त्यांच्या शेतांतील सरवा वेंचण्यापेक्षां आम्ही आपणांस थोडें दूर नेणार आहों. आमचा विषय आहे प्रवास. आणि तोहि चार दिवसांच्या हवापालटाचा नव्हे, तर समुद्रावरील व खुष्कीवरील दीर्घ प्रवास, ज्यानें माणसाचें आयुष्यच एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास लागतें.

ज्युबिलीच्या सभेंत प्रवासाची गोष्ट कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर 'ज्युबिली' या शब्दांतच आहे. हा शब्द इब्री 'योबेल' यावरून आला. सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणारें पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, शिंग फुंकून त्याची द्वाही सर्व देशभर फिरवावी, आणि त्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनास व आपल्या कुळांत परत जावें, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रांत घालून दिलेला आहे. म्हणजे ज्युबिली हें मुळांत घरीं परतण्याचें वर्ष! परंतु पुण्याच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास उघडला, तर त्यांत पानोपानीं भेटतात ते घरीं न परतलेले लोक. कोणी लिस्बनहून निघाला, कोणी गोव्याहून, कोणी आल्प्स पर्वताच्या पायथ्यापासून. आणि त्यांतले बहुतेक जेथें पोहोंचले तेथेंच मातीस मिळाले. मग अशा माणसांचें वतन कोणतें? या एका प्रश्नाच्या अनुरोधानें आज आपण कांहीं प्रवास पाहूं.

पहिला प्रवास समुद्राचा. थॉमस स्टीफन्स हें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें आहे. परंतु 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते या पलीकडे त्यांची ओळख सहसा होत नाहीं. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास ते जन्मले आणि १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच गलबतांचा काफिला हिंदुस्थानास निघाला, त्यांत ते होते. गोव्यास उतरल्यावर १० नोव्हेंबर रोजीं त्यांनीं लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास एक लांबलचक पत्र लिहिलें. तें पत्र पुढें हॅक्लूट यानें १५८९ सालीं आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापलें, म्हणून आज आपणांस तो सगळा प्रवास जणूं गलबताच्या फळीवर उभें राहून पाहतां येतो.

त्या काळीं युरोपाहून हिंदुस्थानास येणें म्हणजे वाऱ्याच्या मर्जीवर जगणें होतें. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभीं लिस्बन सोडावें, जुलैच्या सुमारास आफ्रिकेचें दक्षिण टोंक ओलांडावें, आणि पावसाळ्याचा भर ओसरत असतां नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर मलबार-कोंकणची वाट धरावी, असा तो हिशेब. हा हिशेब पंधरा दिवसांनीं चुकला तरी महिने फुकट जात. स्टीफन्स यांच्या गलबतास गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडल्यामुळें बराच खोळंबा झाला. समुद्र तळ्यासारखा निपचित, डोक्यावर जळतें ऊन, शिडें लोंबकळत राहिलेलीं, आणि पिपांतलें पाणी नासत चाललेलें, अशी ती स्थिति.

अशा वेळीं सामान्य माणूस कपाळाला हात लावून बसतो. स्टीफन्स यांनीं काय केलें? ते पाण्याकडे पाहत बसले. माणसाएवढ्या लांबीच्या मुशी गलबताच्या मागोमाग येत, त्या त्यांनीं पाहिल्या. एवढेंच नव्हे, तर मुशीच्या पुढें-मागें व दोन्ही अंगांस निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे सहा-सात लहान मासे चाकरासारखे सतत चालत असतात, आणि दुसरे कांहीं मासे तिच्या अंगालाच चिकटून राहतात, हेंहि त्यांनीं टिपून ठेविलें. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एक सुंदर रंगाचा प्राणी पाण्यावर तरंगतांना दिसला. तो दिसावयास मोहक पण स्पर्शास विषारी, असें त्यांनीं लिहिलें आहे. आजचे प्राणिशास्त्रज्ञ या तिन्ही गोष्टी ओळखतात. विशेष हें कीं, हें सर्व एका धर्मगुरूनें आपल्या बापाला लिहिलेल्या घरगुती पत्रांत आहे. विद्वत्सभेंत मिरविण्यासाठीं त्यांनीं तें लिहिलें नव्हतें. सृष्टि ही ज्याची, त्याच्या हातचें काम लक्ष देऊन पाहिलें पाहिजे, ही त्यांची वृत्तीच होती.

२९ जुलै रोजीं त्यांनीं केप ऑफ गुड होप गांठलें. तेथें वादळ भेटलें नाहीं, परंतु लाटा डोंगराएवढ्या होत्या, आणि पुढें केप अगुल्हासपाशीं सुकाणूवाल्यानें गलबत जमिनीच्या फार जवळ नेलें. नांगर टाकावा तर तळाशीं धारदार खडक. किनाऱ्यास लागावें तर उतरण्यास जागा नाहीं. सर्वांनीं आशा सोडली असतां वारा फिरला आणि गलबत खोल पाण्यांत आलें.

यापुढें दोन वाटा होत्या. मादागास्कर बेटाच्या आंतल्या बाजूनें गेलें तर मोझांबिकास थांबून ताजें पाणी व अन्न घेतां येई. उशीर झाला असेल तर बाहेरच्या बाजूनें जावें लागे, आणि तिकडे कोठेंहि थांबा नव्हता. गिनीकडील खोळंब्यामुळें यांच्या वांट्यास बाहेरची वाट आली. तिचा परिणाम लौकरच दिसला. लोकांच्या हिरड्या सुजून दांतांवर येऊं लागल्या, पाय सुजले, सर्वांग ठणकूं लागलें. दीडशें माणसें आजारी पडलीं व त्यांतलीं सत्तावीस दगावलीं. इतर सालांच्या मानानें हा आंकडा मोठा नव्हे, असें स्टीफन्स लिहितात. तो व्याधि म्हणजे स्कर्व्ही. जेम्स लिंड या डॉक्टरनें १७४७ सालीं नारिंगें व लिंबें देऊन खलाशी बरे करून दाखविले, आणि ताज्या फळांतील 'क' जीवनसत्त्वाच्या अभावीं हा रोग होतो हें तर विसाव्या शतकांत सिद्ध झालें. आपल्याकडे परसांतलें लिंबूं आणि रानांतला आंवळा कोणाच्याहि हातीं लागण्यासारखा असतो. ज्या भूमीकडे ते लोक मरत मरत येत होते, त्या भूमीच्या कुंपणावर त्यांचें औषध लोंबत होतें!

आणखी एक अडचण होती, ती याहून सूक्ष्म. सूर्य व तारे यांच्यावरून गलबत किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे हें समजे. परंतु पूर्व-पश्चिम किती आलों हें सांगणारी खूण आकाशांत नव्हती. त्यासाठीं समुद्रावर न चुकणारें घड्याळ लागतें, आणि तें जॉन हॅरिसन यानें अठराव्या शतकांत तयार केलें. १५७९ सालीं मदार होती ती अदमासावर आणि पांखरांवर. हिंदुस्थान आतां जवळ आला असें मानून सगळे आनंदांत होते, आणि पाहतात तों गलबत तांबड्या समुद्राच्या मुखाजवळील सोकोत्रा बेटाच्या परिसरांत! तेथून पुन्हां वाट धरून २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास लागले. लिस्बन सोडल्याला त्या दिवशीं २०३ दिवस झाले होते.

बंधुभगिनींनो, हें सारें आम्ही विस्तारानें सांगितलें, कारण स्टीफन्स यांचा खरा प्रवास गोव्याच्या धक्क्यावर संपला नाहीं. तेथें तो सुरू झाला. गलबतावर मुशीभोंवतींचे मासे ज्या लक्षपूर्वक नजरेनें त्यांनीं पाहिले, त्याच नजरेनें त्यांनीं आपली भाषा पाहिली. साष्टी प्रांतांत सुमारें चाळीस वर्षें राहून ते कोंकणी व मराठी शिकले. १५८३ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास हाच विचार शास्त्रीय रीतीनें मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनंतर. आणि १६१६ सालीं, रायतूर येथें, सुमारें अकरा हजार ओव्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' त्यांनीं छापून प्रसिद्ध केलें. परक्या देशांतून आलेल्या माणसानें आमच्या ओवीला आपलें घर केलें!

येथें इतिहासाच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझांक करणें योग्य होणार नाहीं. ज्या गलबतांतून स्टीफन्स आले, त्याच गलबतांतून तोफाहि आल्या. साष्टींतील देवालयें पाडलीं गेलीं, कुंकळ्ळीस १५८३ सालीं रक्तपात झाला व दोन्हीकडील माणसें प्राणांस मुकलीं, आणि १६८४ सालीं तर पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं लोकांची भाषाच मोडून काढण्याचा हुकूम सोडला. एकाच बंदरांत उतरलेल्या प्रवाशांपैकीं एकानें भाषा आपलीशी केली आणि दुसऱ्यानें ती पुसूं पाहिली. हुकूम काढणारे गेले, ओवी राहिली. प्रवास माणसाला आपोआप शहाणा करतो असें जे मानतात, त्यांनीं या भेदाचा विचार करावा. अंतर दोघांनींहि सारखेंच तोडलें होतें.

या ओव्यांचा प्रवासहि मोठा चमत्कारिक आहे. त्या काळीं देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें हें मराठी काव्य रोमन लिपींत छापावें लागलें. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या नकलांच्या आधारें, घराघरांतून वाचला गेल्यामुळें. १९०७ सालीं मंगळूरास सालढाणा यांनीं तो पुन्हां छापला. देवनागरींत लिहिलेली एक प्रत थेट लंडनच्या मार्सडेन संग्रहांत जाऊन पडली होती, तिचा शोध १९२५ च्या सुमारास लागला. आणि १९५६ सालीं प्रा. शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध झाली, ती आपल्या या पुणें शहरांत. रायतूरहून पुण्यास यावयास त्या ग्रंथाला तीनशें चाळीस वर्षें लागलीं. कर्त्याला लिस्बनहून गोव्यास यावयास सात महिनेहि लागले नव्हते.

आतां समुद्र सोडून घाट चढूं या. कोंकणांतून पुण्यास येणारी जुनी वाट म्हणजे बोरघाटाची. मुंबईचा प्रवासी होडीनें पनवेलपर्यंत येई. तेथून खोपोली, मग घाट, मग खंडाळें, तळेगांव आणि पुणें. १८३० पूर्वीं त्या घाटांतून गाडी जात नसे. ओझ्याचे बैल, तट्टें आणि माणसांचे पाय, एवढींच वाहनें. १० नोव्हेंबर १८३० रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं गाडीरस्ता खुला केला. १८५८ सालीं पुणें-खंडाळें लोहमार्ग सुरू झाला, तेव्हांहि मधला घाट पालखींतून वा तट्टावरून उतरावा लागे. १८६३ सालीं तो लोहमार्ग पुरा झाला, पण त्यासाठीं हजारों मजुरांनीं आपले प्राण वेंचले. आज घाटांतून जातांना आपण खिडकींतून धबधबे पाहतों, तेव्हां त्या अनाम मजुरांसाठीं मनांतल्या मनांत एक प्रार्थना करावी, अशी आमची विनंति आहे.

याच वाटेवर, लोणावळ्याच्या पुढें, कार्ल्याचीं लेणीं आहेत. आपणांपैकीं पुष्कळांनीं तीं पाहिलीं असतील. पण तेथील खांबांवरचे लेख किती जणांनीं वाचले किंवा वाचवून घेतले? दोन हजार वर्षांपूर्वीं तो चैत्य कोरला जात असतां, धेनुकाकट नांवाच्या गांवीं राहणाऱ्या यवनांनीं त्यांतले कांहीं खांब दान दिले, असें ते लेख सांगतात. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परके लोक. व्यापाराच्या ओढीनें समुद्र ओलांडून, घाट चढून ते आले, आणि येथल्या लोकांच्या प्रार्थनास्थानाला त्यांनीं आपल्या पदरचा पैसा लावला. खांबावर आपलें नांव, गांव व 'यवन' ही ओळख कोरवून घेतली. परके म्हणून त्यांना कोणी तेथून हांकलून दिलें नाहीं, आणि त्यांनींहि आपलें परकेपण लपविलें नाहीं.

आतां हें चित्र मनांत ठेवून १७९२ सालचें पुणें पाहा. सवाई माधवराव पेशव्यांच्या फौजेंत त्या वेळीं गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई व अंमलदार होते. डोम मिगेल द नोरोन्या नांवाचा अंमलदार त्यांत प्रमुख होता. हीं माणसें घाट चढून पोटासाठीं आलीं होतीं. रविवारीं मिस्सेस कोठें जावें, लेंकराचा बाप्तिस्मा कोणी करावा, मेलेल्याला कोठें पुरावें, हे त्यांचे प्रश्न होते. पेशव्यांनीं त्यांस देवालयासाठीं जागा दिली, आणि पुणें शहरांतील पहिलें कॅथलिक ख्रिस्तमंदिर उभें राहिलें. अवघ्या त्रेपन्न वर्षांपूर्वीं, १७३९ सालीं, चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून मोठ्या रक्तपातानें जिंकून घेतला होता, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या देणगीचें मोल कळतें. कार्ल्यास परक्यानें आमच्या देशाच्या लेण्याला खांब दिला. पुण्यास आमच्या देशाच्या राज्यकर्त्यानें परक्याच्या देवाला जागा दिली. एकाच वाटेवरचे हे दोन दगड आहेत. घाटवाटेचा इतिहास पाहावयाचा तो असा. नुसत्या तहांच्या व लढायांच्या सनावळ्या पाठ करून तो हातीं लागत नाहीं.

इतिहासाबरोबर सृष्टीचाहि एक ग्रंथ या वाटेवर उघडा पडलेला आहे, आणि तो वाचणारे दोन वाटसरू आम्हांस विशेष स्मरतात. पहिले फादर एथेलबर्ट ब्लॅटर. १८७७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु १९०३ सालीं मुंबईस आले. सेंट झेवियर कॉलेजांत त्यांनीं वाळविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. एडनच्या उघड्या खडकांपासून राजपुतान्याच्या वाळवंटापर्यंत, आणि सिंधूच्या मुखापासून काश्मीरच्या कुरणांपर्यंत पसरलेल्या मुलखाच्या वनस्पतींवर त्यांनीं लिहिलें. चार्ल्स मॅक्कॅन हे त्यांचे सहकारी. सिंधूच्या मुखाकडील कामांत सबनीस या मराठी वनस्पतिशास्त्रज्ञाचाहि हात होता. ब्लॅटर व मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यांतील गवतांवरचा ग्रंथ १९३५ सालीं बाहेर पडला. तो पाहावयास ब्लॅटर हयात नव्हते. १९३४ च्या मे महिन्यांत त्यांचा अंत येथें पुण्यांतच झाला.

गवतावर ग्रंथ! कोणास हंसूं येईल. परंतु ज्याला गुरें राखावयाचीं आहेत, ज्याला डोंगरउतारावरची माती धरून ठेवावयाची आहे, त्याला विचारा गवत म्हणजे काय तें. आणि वाळविलेल्या वनस्पतीचा तो एक कागद म्हणजे तरी काय? एक डहाळी, आणि खालीं चार ओळी: अमुक ठिकाणीं, अमुक तारखेस, अमक्यानें गोळा केली. बस्स. पण शंभर वर्षांनीं तें ठिकाण सिमेंटखालीं गाडलें गेलें, तरी तो कागद साक्ष देतो कीं येथें हें झाड होतें. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आपण माणसांच्या बाबतींत पाळतों. ब्लॅटर यांनीं ती गवताच्या काडीच्या बाबतींतहि पाळली.

दुसरे फादर सांतापाव. स्पेनमध्यें १९०३ सालीं जन्मलेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ पुढें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, आणि १९६७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण आमच्या मनांत त्यांचें जें चित्र उभें राहतें, तें खंडाळ्याच्या डोंगरांतलें. लोक ज्या खंडाळ्यास दोन दिवसांची हवा खावयास जातात, तेथें वर्षानुवर्षें ते पायीं हिंडले, पावसांत, धुक्यांत, उन्हाळ्याच्या वणव्यांत. आणि १९५३ सालीं खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काश्मीरचीं फुलें पाहण्यास काश्मीरला जावें लागतें. घरापाशींचें फूल पाहावयास धीर लागतो. कारवीचेंच पाहा. तिच्या कुडाच्या भिंतींत आपल्या गांवच्या पिढ्या वाढल्या. ती सात-आठ वर्षें नुसती हिरवी उभी असते, आणि मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्यांनीं गजबजतो. बीं धरून ती मरून जाते. दोन दिवसांच्या पाहुण्यास हें कसें कळावें? कारवीचें फूल पाहावयास प्रवास लांब नको, मुक्काम लांब पाहिजे.

आणि आतां एक असा प्रवास, जो प्रवाशानें निवडलाच नव्हता. फादर हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत खेडोपाडीं काम करीत असतां त्यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' हें मराठी मासिक काढलें. आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं तें येत आलें आहे. १९०७ सालीं ते पुण्याचे बिशप झाले. पुढें १९१४ चें महायुद्ध पेटलें. जर्मन म्हणून या मिशनऱ्यांवर सरकारचा रोष झाला. कित्येकांस नजरकैदेंत राहावें लागलें, कित्येकांस गलबतावर बसवून परत पाठविण्यांत आलें. ज्या खेड्यांतून त्यांनीं मराठीत पापनिवेदनें ऐकलीं, त्या खेड्यांची वाट त्यांना बंद झाली. डोरिंग यांसहि आपल्या कळपास अंतरावें लागलें, आणि युद्धानंतर त्यांची नेमणूक जपानांत, हिरोशिमा येथें झाली. साठी उलटलेल्या माणसानें पुन्हां नवा समुद्र ओलांडावा, नवी भाषा ऐकावी, नव्या लोकांत पहिल्यापासून आरंभ करावा!

पण १९२७ सालीं ते पुण्यास परत आले, आणि १९४८ पर्यंत या धर्मप्रांताची धुरा त्यांनीं वाहिली. १९५१ सालीं त्यांचें देहावसान झालें. येथें आपल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर हाताशीं येतें, असें आम्हांस वाटतें. योबेलाच्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनास परत जावें असें शास्त्र सांगतें. डोरिंग यांची वाट उघडली तेव्हां ते परत आले, पण कोठें? जन्मभूमीस नव्हे, पुण्यास. ज्या भाषेंत आपण लोकांचीं सुखदुःखें ऐकलीं, ज्या मातीवर आपण घाम गाळला, ज्या माणसांसाठीं परत यावेंसें वाटलें, तेंच माणसाचें वतन होय. जन्मानें मिळतें तें गांव. वतन मिळवावें लागतें.

हें खरें असेल, तर त्यांतून आपल्यावर एक जबाबदारी येते, आणि तीच सांगण्यासाठीं आम्ही एवढा लांबचा वळसा घेतला. आज पुण्याहून निघालेला मनुष्य एका दिवसांत युरोपांत उतरतो. आपलीं मुलें शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं सातासमुद्रांपलीकडे जातात, याचा आनंदच आहे. परंतु त्याच वेळीं पुण्याकडे येणारी वाटहि वाहतीच आहे. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, झारखंडांतून, ओडिशांतून, ईशान्येकडील डोंगरांतून मुलें-मुली शिकावयास व मजुरी करावयास येतात. रविवारीं मिस्सेच्या वेळीं शेवटच्या बाकावर बसून, शेवटच्या आशीर्वादानंतर कोणाशीं न बोलतां निघून जाणारे तरुण आपणांस दिसतात कीं नाहीं? १७९२ सालीं आपले पूर्वज याच स्थितींत होते. कोणीतरी त्यांना जागा दिली. देणारा तर आपल्या धर्माचाहि नव्हता. मग धर्मबंधूंना आपण काय द्यावें, हें आम्हीं सांगावें असें नाहीं.

कांहीं साध्या सूचना मात्र आम्ही करतों. पहिली: पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या जपाव्या. त्यांत लिहिलेलीं मूळ गांवांचीं नांवें म्हणजे आपल्या प्रवासाचा नकाशा आहे. वाळवी लागून तो नकाशा नाहींसा झाला, तर पुन्हां काढतां येणार नाहीं. दुसरी: घरांतील वृद्धांना, आपलीं माणसें कोठून, कोणत्या वाटेनें, कशासाठीं आलीं, हें विचारून लिहून ठेवावें; तें आज करावें, कारण सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. तिसरी तरुणांसाठीं: सहलीस जाल तेव्हां एक वही बरोबर असूं द्या. ठिकाण, तारीख, पाहिलेलें झाड, वाचलेला शिलालेख, भेटलेल्या गुराख्यानें सांगितलेलें डोंगराचें नांव, एवढें लिहा. स्टीफन्स यांजपाशीं याहून अधिक साधन नव्हतें. आणि चौथी: पुढच्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर त्या शेवटच्या बाकापाशीं जा, आणि विचारा, "तुमचें गांव कोणतें?" उत्तर ऐकून घेण्यास सवड काढा.

पन्नास वर्षांनीं, शंभर वर्षांनीं या पॅरिशचे लोक पुन्हां असेच एकत्र जमतील. तेव्हां त्यांच्यापैकीं कोणाचे तरी आजोबा आज त्या बाकावर बसलेले असतील. "आमचे आजोबा या गांवीं परके म्हणून आले आणि त्यांना येथें वतन मिळालें," असें त्या नातवास म्हणतां यावें, एवढें आपण केलें तर ही ज्युबिली सफळ झाली, असें आम्ही समजूं.

घाटांत, समुद्रावर वा आकाशमार्गें या घटकेस प्रवासांत असलेल्या सर्वांस परमेश्वर सुखरूप मुक्कामास पोहोंचवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.